चाचणी-उपकरणांचा 'सातबारा'

आधुनिक समाजाचे बहुतेक व्यवहार मोजमापावर चालतात. घरोघरी बसविलेला विजेचा मीटर, रुग्णालयात हृदयाचे स्पंदन दाखविणारे यंत्र, वाहनांच्या धुराची तपासणी करणारा संच, नळयोजनेवरील पाण्याचा प्रवाह मोजणारे साधन अशा कितीतरी साधनांच्या आकड्यांवर आपण विश्वास टाकीत असतो. परंतु ही साधने स्वतः बरोबर चालतात किंवा नाही, हे पाहण्यासाठी त्यांहूनही अचूक अशी दुसरी उपकरणे लागतात. मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, वारंवारतामापक ही त्यांपैकी काही होत. सर्वसामान्य नागरिकाचा त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. तथापि त्याच्या वीजबिलापासून औषधोपचारापर्यंत अनेक गोष्टींच्या मागे ही उपकरणे उभी असतात.

गेल्या अर्धशतकात या उपकरणांचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी प्रत्येक उपकरण म्हणजे एक स्वतंत्र पेटी असे. आता एकाच चौकटीत अनेक लहान उपकरणे पुस्तकांप्रमाणे शेजारीशेजारी बसविली जातात आणि त्या सर्वांचे नियंत्रण संगणक करतो. यामुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. कोणत्या खाचेत कोणते उपकरण बसविले आहे, ते काय मोजू शकते आणि किती अचूकतेने मोजू शकते, हे संगणकाला कळावे कसे? या प्रश्नाचे जे उत्तर तंत्रज्ञांनी शोधले आहे, त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. ते उत्तर ग्रामपंचायतीचे दप्तर हाताळणाऱ्या वाचकांस अगदीच अपरिचित वाटणार नाही. कारण त्याचे मूळ तत्त्व एकच आहे : माहिती ठरावीक नमुन्यातच लिहावयाची.

पेटीकडून चौकटीकडे

सुटी उपकरणे एका चौकटीत बसविण्याची कल्पना प्रथम अणुविज्ञानाच्या प्रयोगशाळांत रुजली. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पुढाकाराने १९६४ मध्ये 'निम' हे मानक तयार झाले. त्यामुळे वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले घटक एकाच चौकटीत बसविता येऊ लागले. पुढे १९६९ मध्ये युरोपातील प्रयोगशाळांच्या समितीने 'कॅमॅक' हे मानक प्रसिद्ध केले. कॅमॅकच्या एका चौकटीत पंचवीस स्थाने असतात. कोणत्या स्थानावरील कोणत्या घटकाने कोणते काम करावयाचे, हे संगणक क्रमांकांच्या साहाय्याने सांगू शकतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ मध्ये सुरू झालेल्या पेलेट्रॉन त्वरकावरील प्रयोगांतही माहिती गोळा करण्यासाठी कॅमॅक पद्धतीच्या चौकटी वापरल्या गेल्या.

उद्योगक्षेत्रात आरंभी वेगळा मार्ग चोखाळला गेला. तेथे उपकरणांच्या पेट्या स्वतंत्रच राहिल्या, पण त्या एका केबलने परस्परांस जोडण्याची सोय झाली. या जोडणीचे मानक अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आय. ई. ई. ई. ने, १९७५ मध्ये ४८८ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. एका जोडणीवर जास्तीत जास्त पंधरा साधने असावीत, अशी त्यात मर्यादा होती. त्यानंतर १९८७ मध्ये पाच अमेरिकी कंपन्यांनी मिळून 'व्ही. एक्स. आय.' ही चौकटीची पद्धती आणली, १९९७ मध्ये 'पी. एक्स. आय.' आली आणि २००५ मध्ये संगणकांच्या नेहमीच्या जाळ्यावर चालणारी 'एल. एक्स. आय.' पद्धती प्रसिद्ध झाली.

चौकटीच्या पद्धतीचे लाभ उघड आहेत. प्रत्येक उपकरणास स्वतंत्र पडदा, स्वतंत्र वीजपुरवठा, स्वतंत्र पेटी लागत नाही. जागा वाचते. एक घटक बिघडल्यास तेवढाच काढून दुसरा बसविता येतो. सर्व घटकांना एकाच घड्याळाची लय देता येत असल्यामुळे त्यांची मोजमापे परस्परांशी नेमकी जुळतात. परंतु ज्या सुटेपणामुळे हे लाभ मिळतात, त्याच सुटेपणातून अडचणही निर्माण होते. पेटीच्या दर्शनी भागावर बटणे व आकडे असतात. ते पाहून माणसाला उपकरणाची ओळख पटते. चौकटीतील पट्टीवर बहुधा दोनचार जोडण्यांखेरीज काहीच नसते. तिची ओळख कागदावर किंवा संगणकातच असावी लागते.

नाव कळले, गुण कळले नाहीत

या ओळखीची सुरुवात अगदी साध्या प्रश्नोत्तरापासून झाली. १९८७ च्या ४८८.२ या मानकानुसार संगणकाने एक ठरावीक आज्ञा पाठविली, की उपकरणाने चार गोष्टी सांगावयाच्या : निर्माता, प्रतिमान, अनुक्रमांक आणि अंतर्गत आज्ञावलीची आवृत्ती. व्ही. एक्स. आय. चौकटीत २५६ पत्ते ठरविण्यात आले. प्रत्येक पत्त्यावर चौसष्ट बाइटांची जागा राखून तीत निर्मात्याचा आणि प्रतिमानाचा सांकेतिक क्रमांक ठेवण्याची व्यवस्था झाली. पुढे १९९० मध्ये 'एस. सी. पी. आय.' नावाची समान आज्ञापद्धती आली. त्यामुळे व्होल्टता मोजण्याची आज्ञा प्रत्येक कंपनीच्या मल्टिमीटरसाठी निराळी लिहिण्याची आवश्यकता बरीच कमी झाली.

ही प्रगती महत्त्वाची होती, पण पुरेशी नव्हती. गावात नव्याने आलेल्या मनुष्याने आपले नाव व गाव सांगितले, म्हणून तो सुतारकाम जाणतो की गवंडीकाम, हे समजत नाही. त्याचप्रमाणे उपकरणाने आपले नाव सांगितले, तरी ते किती व्होल्टपर्यंत मोजते, किती वारंवारतेपर्यंत विश्वासार्ह राहते, कोणत्या तपमानात चालते, त्यास वीज किती लागते, या गोष्टी संगणकाला कळत नाहीत. त्या छापील माहितीपत्रकात असतात. माहितीपत्रक माणसाने माणसासाठी लिहिलेले असते. एक निर्माता अचूकता टक्क्यांत देतो, दुसरा दशलक्षांश भागांत देतो, तिसरा तळटिपेत एखादी अट घालतो. अनुभवी अभियंता यातून मार्ग काढतो. संगणकाला ते जमत नाही.

नमुना म्हणजे काय?

आपल्याकडे जमिनीच्या नोंदी ठेवण्याची जी रीत आहे, तिचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंचा एकत्र उतारा म्हणजे सातबारा. गडचिरोलीचा तलाठी असो वा सिंधुदुर्गाचा, भोगवटादाराचे नाव कोठे लिहावयाचे, क्षेत्र कोठे लिहावयाचे आणि ते कोणत्या एककात लिहावयाचे, हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे उतारा कोणत्याही गावचा असला, तरी तो वाचणाऱ्यास नव्याने शिकावे लागत नाही. नमुना ही एक गोष्ट आणि नमुन्यात भरलेली नोंद ही दुसरी. नमुना सर्वांसाठी एकच असतो, नोंद मात्र ज्याची त्याची.

उपकरणांच्या बाबतीत हेच काम 'माहितीचा प्रमाणित नमुना' करतो. इंग्रजी संज्ञेवरून त्यास 'स्कीमा' असेही म्हणतात. या कामासाठी सामान्यतः 'एक्स. एम. एल.' ही लेखनपद्धती वापरली जाते. ही पद्धती १९९८ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक माहितीच्या आधी व नंतर तिचे नाव खुणेने लिहिलेले असते; त्यामुळे माणूस आणि संगणक दोघेही ती वाचू शकतात. २००१ मध्ये नमुने लिहिण्याचे नियमही ठरले. कोणता रकाना अनिवार्य, कोणता ऐच्छिक, कोठे संख्या हवी, कोठे दिनांक हवा, एखादी नोंद एकदाच करावयाची की अनेकदा, हे सर्व नमुन्यात सांगता येते. भरलेला कागद या नमुन्याशी ताडून पाहण्याचे काम संगणक क्षणार्धात करतो आणि रकाना चुकला असेल, तर तो कागद परत करतो.

उपकरणाच्या नमुन्यातील रकाने

चाचणी-उपकरणांसाठी असा नमुना आय. ई. ई. ई. च्या १६७१ या मानकमालिकेत दिलेला आहे. ही मालिका 'ऑटोमॅटिक टेस्ट मार्कअप लँग्वेज' या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्य मानक २००६ मध्ये प्रायोगिक वापरासाठी आणि २०१० मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यातील १६७१.२ हा भाग खास उपकरणांच्या वर्णनासाठी असून त्याची सुधारित आवृत्ती २०१२ ची आहे.

या नमुन्यात पुढील प्रकारची माहिती लिहिली जाते. पहिली, ओळख : निर्माता, प्रतिमान, आवृत्ती. दुसरी, भौतिक स्वरूप : लांबी, रुंदी, वजन. तिसरी, गरजा : वीज किती लागते, कोणत्या तपमानात व आर्द्रतेत उपकरण चालते. चौथी, जोडण्या : कोणत्या टोकातून संकेत आत जातो व कोणत्या टोकातून बाहेर येतो. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, क्षमता : उपकरण कोणता संकेत निर्माण करू शकते किंवा मोजू शकते, कोणत्या मर्यादेत आणि किती अचूकतेने. सहावी, नियंत्रण : ते चालविण्यासाठी कोणती आज्ञावली लागते.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. या मानकात दोन निरनिराळे नमुने आहेत. एक नमुना प्रतिमानाचे वर्णन करतो, दुसरा प्रत्यक्ष नगाचे. एकाच प्रतिमानाचे शंभर मल्टिमीटर खरेदी केले, तर प्रतिमानाचे वर्णन एकदाच लिहावयाचे. परंतु प्रत्येक नगाचा अनुक्रमांक वेगळा, त्याची तपासणी केव्हा झाली तो दिनांक वेगळा. ही माहिती नगाच्या स्वतंत्र कागदात जाते. ज्यांनी कार्यालयातील जडवस्तू संग्रहाची नोंदवही सांभाळली आहे, त्यांना या भेदाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. 'खुर्च्या, वीस नग' एवढी नोंद पुरेशी असते. मोजमापाच्या उपकरणांस ती पुरत नाही.

अचूकता लिहिण्याची रीत

रकाने एवढ्या काटेकोरपणे का पाडावे लागतात, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका मल्टिमीटरची अचूकता 'वाचनाच्या ०.०१ टक्का अधिक पल्ल्याच्या ०.००५ टक्का' अशी दिली आहे, असे समजू. आता ५ व्होल्ट मोजावयाचे आहेत. उपकरण १० व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवले, तर वाचनामुळे येणारी चूक ०.०००५ व्होल्ट आणि पल्ल्यामुळे येणारी चूकही ०.०००५ व्होल्ट, मिळून एक मिलिव्होल्ट. तेच उपकरण १०० व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवले, तर वाचनाचा हिस्सा तेवढाच राहतो, पण पल्ल्याचा हिस्सा ०.००५ व्होल्ट होतो. मिळून साडेपाच मिलिव्होल्ट. उपकरण तेच, मोजावयाची व्होल्टता तीच, तरीही संभाव्य चूक साडेपाच पट झाली.

माहितीच्या कागदात नुसते 'अचूकता ०.०१ टक्का' एवढेच लिहिले असते, तर हा फरक कोणाच्याही लक्षात आला नसता. म्हणून वाचनाचा हिस्सा एका रकान्यात, पल्ल्याचा दुसऱ्या रकान्यात, त्यांची एकके स्वतंत्रपणे आणि ही अचूकता ज्या अटींवर लागू आहे त्या अटी आणखी वेगळ्या लिहाव्या लागतात. असे केले, म्हणजे अमुक चाचणीस हे उपकरण पुरेसे आहे किंवा नाही, याचा हिशेब संगणक स्वतः करू शकतो.

एककाच्या रकान्याचे महत्त्व तर अनन्यसाधारण आहे. मंगळाकडे पाठविलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अमेरिकेचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. यानाला मिळालेल्या रेट्याचे आकडे एका आज्ञावलीने पौंड-सेकंदात दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. या दोन एककांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. न्यूटन-सेकंदच वापरावयाचे, असे लेखी ठरलेले होते; परंतु आलेले आकडे त्या ठरावाशी ताडून पाहिले गेले नाहीत. नियम करणे आणि प्रत्येक कागद त्या नियमाशी पडताळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या घटनेचा धडा होय.

संवेदकाच्या पोटातील नोंद

वर्णनाचा कागद दूर कोठेतरी असण्यापेक्षा उपकरणाजवळच असेल, तर तो हरविण्याची भीती उरत नाही. याच विचाराने संवेदकांसाठी आय. ई. ई. ई. ने २००४ मध्ये १४५१.४ हे मानक प्रसिद्ध केले. कंपन, दाब, तपमान इत्यादी मोजणाऱ्या लहानशा संवेदकातच एक स्मृतिघटक बसवावयाचा आणि त्यात संवेदकाची माहिती साठवावयाची, अशी ही पद्धती आहे. तीतील मूलभूत ओळख अवघ्या ६४ बिटांत मावते : निर्मात्यासाठी १४, प्रतिमानासाठी १५, आवृत्तीच्या अक्षरासाठी ५, आवृत्तीच्या अंकासाठी ६ आणि अनुक्रमांकासाठी २४. याशिवाय संवेदकाची संवेदनक्षमता व तपासणीचा दिनांकही त्यात ठेवता येतो. पुलाच्या किंवा धरणाच्या निरीक्षणासाठी शेकडो संवेदक लावावे लागतात. अशा वेळी एखाद्या तारेची अदलाबदल झाली, तरी कोणता संवेदक कोणता, हे त्याच्याच पोटातील नोंदीवरून कळते. एल. एक्स. आय. पद्धतीच्या उपकरणांतही ओळखीचा एक्स. एम. एल. कागद उपकरणातच असतो आणि जाळ्यावरून तो केव्हाही वाचता येतो.

लाभ कोणास?

विमाने, रेल्वेची सिग्नल यंत्रणा, वीजकेंद्रे यांचे आयुष्य तीसचाळीस वर्षांचे असते. त्यांची तपासणी करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे मात्र त्यामानाने फार लवकर जुनी होतात. निर्माता ती बनविणे थांबवितो, सुटे भाग मिळेनासे होतात. चाचणीची आज्ञावली जर 'अमुक कंपनीचे अमुक उपकरण वापरा' अशा शब्दांत लिहिलेली असेल, तर उपकरणाबरोबर तीही निरुपयोगी ठरते आणि नव्याने लिहून घेण्याचा खर्च अनेकदा उपकरणाच्या किमतीपेक्षाही अधिक होतो. तीच आज्ञावली 'एक किलोहर्ट्‌झ वारंवारतेचा, एक व्होल्टचा संकेत द्या' अशा गरजेच्या भाषेत लिहिली, तर तो संकेत कोण देऊ शकेल, हे उपकरणांच्या वर्णनांवरून शोधता येते. संकेतांची अशी प्रमाणित व्याख्या आय. ई. ई. ई. च्या १६४१ या मानकात २००४ मध्ये करण्यात आली असून उपकरणांच्या क्षमतेचे वर्णनही तिच्याच आधारे करता येते. गरज आणि क्षमता एकाच भाषेत बोलू लागल्या, की खरेदीदार एकाच विक्रेत्यास बांधलेला राहत नाही. सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष मोलाची आहे.

दुसरा लाभ अंशशोधनाचा, म्हणजे कार्यशाळेत ज्यास 'कॅलिब्रेशन' म्हणतात त्याचा. उपकरण काळाबरोबर थोडेथोडे बदलत जाते. म्हणून ते ठरावीक मुदतीने अधिक अचूक उपकरणाशी ताडून पाहावे लागते. आपल्या देशात मोजमापाची राष्ट्रीय मानके नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जतन केलेली आहेत. तेथपासून कारखान्यातील मीटरपर्यंत तुलनेची एक साखळी असते. या साखळीतील प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देण्याचे काम राष्ट्रीय मंडळ 'आयएसओ/आयईसी १७०२५' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार करते. या साखळीचा प्रत्येक दुवा दिनांकासह दाखविता आला पाहिजे. प्रत्येक नगाची नोंद प्रमाणित नमुन्यात असेल, तर कोणत्या उपकरणाची मुदत संपली आहे, याची यादी संगणक आपोआप काढून देतो. मुदत संपलेले उपकरण चाचणीसाठी निवडले जाऊ नये, अशी तजवीजही करता येते.

तिसरा लाभ शिक्षणसंस्थांचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांत उपकरणे असतात, पण त्यांची माहितीपत्रके कालांतराने गहाळ होतात आणि माहितगार शिक्षक निवृत्त झाला, की उपकरण कपाटात पडून राहते. यासाठी मोठी यंत्रणा उभारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक नगाचे नाव, अनुक्रमांक, मोजमापाचा पल्ला, एकक, अचूकता, वीजपुरवठा, शेवटच्या तपासणीचा दिनांक आणि पुढील तपासणीची मुदत एवढे आठ रकाने सर्व प्रयोगशाळांत एकसारखे ठेवले, तरी अर्धे काम साधते. पुढे संगणकीय नमुना स्वीकारावयाचा झाल्यास हीच नोंद त्यात उतरविता येते. विद्यार्थ्यांकडून अशी नोंद करवून घेणे हा स्वतःच एक उत्तम पाठ ठरेल.

नमुन्याच्या मर्यादा

या पद्धतीकडून अवाजवी अपेक्षा मात्र ठेवू नयेत. नमुना रकान्याची पडताळणी करतो, सत्याची नव्हे. अचूकतेच्या रकान्यात संख्या हवी तेथे संख्या आहे, एवढेच संगणक पाहतो. ती संख्या खरी आहे किंवा नाही, हे प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे लागते. सातबाऱ्यावर ऊस लिहिला म्हणून शेतात ऊस उभा राहत नाही. त्यासाठी बांधावर जाऊन पीकपाहणी करावी लागते. शिवाय पुष्कळसे रकाने ऐच्छिक असतात. एखाद्या निर्मात्याने ते रिकामे सोडले, तर कागद नियमास धरून असूनही निरुपयोगी ठरू शकतो. सर्वच निर्माते असे वर्णन देत नाहीत. नमुन्यांच्या आवृत्त्याही बदलतात आणि जुन्या आवृत्तीतील नोंदी नव्या आवृत्तीत आणण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते.

म्हणून उपकरणे खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निविदेतच काही गोष्टी स्पष्ट करून घेणे हितावह ठरेल. उपकरणासोबत त्याचे वर्णन प्रमाणित नमुन्यात मिळेल काय, त्यातील कोणते रकाने भरलेले असतील, प्रत्येक नगासोबत अंशशोधनाचे प्रमाणपत्र येईल काय, आणि उपकरण बदलावे लागल्यास चाचणीची आज्ञावली तशीच वापरता येईल काय, हे चार प्रश्न खरेदीपूर्वी विचारले, तर पुढील अनेक वर्षांचा खर्च व मनस्ताप वाचू शकतो.

जमिनीची नोंद एका नमुन्यात आली, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती आपल्या हक्काचा कागद आला आणि तो कागद कोणत्याही कचेरीत वाचला जाऊ लागला. उपकरणांच्या वर्णनाचे मोलही असेच आहे. ज्या मीटरवरून बिल आकारले जाते, ज्या यंत्रावरून रोगाचे निदान होते, त्याच्या अचूकतेविषयी नागरिकाने शंका घेतली, तर त्यास उत्तर देण्यासाठी प्रथम नोंद हाती असली पाहिजे. ती नीट ठेवणे हे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे काम खरेच. पण तशी नोंद मागणे आणि वेळोवेळी तपासून पाहणे, ही जबाबदारी संस्था चालविणाऱ्या सर्वांचीच आहे.